नागपूरवाल्याचा पत्ता

वहिनी, तुझ्या शोकसभेत सात जण बोलले. सातही जण तुझ्या पोह्यांवर बोलले.

मी मोजत बसले होते, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. ऑर्केस्ट्राचा निवेदक लग्नात आणि शोकसभेत एकाच आवाजात बोलतो. त्याने तुला अन्नपूर्णा म्हटलं. वॉर्डाच्या माजी सदस्याने त्यागमूर्ती म्हटलं, मग तो स्वतःच्या आईवर गेला आणि तिथून परत आला नाही. ऑर्केस्ट्राचे मालक गुड्डूभाई रडले. ते खरोखर रडले असावेत, कारण रडताना त्यांनी माईक तोंडापासून लांब धरला. व्यासपीठावर तुझा फोटो होता आणि त्याच्या शेजारी दादाची लाल इलेक्ट्रिक गिटार स्टँडवर उभी होती. फोटोला एक हार, गिटारला एक. निवेदक म्हणाला, "ज्या गिटारच्या सुरांवर भाभीजींनी आयुष्यभर प्रेम केलं..."

तू तिला 'लाल मेली' म्हणायचीस.

हारावर पाणी शिंपडलेलं होतं आणि ते थेंब थेंब गिटारच्या पोटावर गळत होतं. तू असतीस तर सभा चालू असताना उठून हार काढला असतास. मला ते दिसत होतं, आणि मी बसून राहिले.

तेरा वर्षं त्या गिटारची सगळी देखभाल तू केलीस. तारांची उंची, मानेचा बाक, झिजलेल्या खाचा, सुटलेली वायर, वादक ज्याला सेटिंग म्हणतात ते सगळं. हे तीन माणसांना माहीत होतं: तुला, दादाला आणि मला. आता दोघांना आहे. गुड्डूभाई तुझ्या नावाने स्मरणिका काढणार आहेत. तिच्यात जाहिराती असतील, फोटो असतील आणि एक लेख असेल. तो मी लिहायचा, कारण मी कॉलेजच्या ग्रंथालयात आहे आणि मला लिहिता येतं असा समज आहे. दादा म्हणाला, "एक पान लिही. चांगलं लिही. ते सेटिंगचं नको."

"काऊन?"

"नको म्हंजे नको."

म्हणून मी सेटिंगचंच लिहिते आहे. छापायला देईन की नाही ते मला माहीत नाही. आधी दादाला वाचायला देईन, एवढं ठरवलं आहे. त्याने फाडलं तर फाडलं. पण एकदा कुठेतरी ते लिहिलेलं असावं. तू गेल्यापासून मला वाईट वाटायला हवं तितकं वाटत नाही. सगळं बधिर आहे, दात काढल्यावर गाल असतो तसं. एवढी एक गोष्ट तेवढी टोचते.

गिटार घरात आली ते १९९९ साल. दादा धान गिरणीत वजनकाट्यावर बसायचा आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात सगळ्यांच्या मागे उभा राहून साधी गिटार वाजवायचा. ती कोणाला ऐकू जात नसे. राजनांदगावच्या एका वादकाने वाजवणं सोडलं, त्याची इलेक्ट्रिक गिटार दादाने आणली. लाल, कडेला रंग उडालेली. नवीन फटफटी पाहायला येतात तसे आळीतले लोक पाहायला आले. एकाने सगळीकडून न्याहाळून विचारलं, "ॲव्हरेज किती देते गा?"

श्रावणात तिच्या तारा उठल्या. कपडे वाळत घालायच्या दोरीसारख्या त्या मानेपासून वर गेल्या आणि दाबून दाबून दादाच्या बोटांना घट्टे पडले. दादाचं मत होतं की गिटार नकली आहे. तू मांडीवरच्या सुपात पाहिलंस. सुपात विडीच्या मापाने कापलेली तेंदूची पानं होती आणि तीही त्या दिवसांत लुळी पडत होती. तू म्हणालीस, "हे सरदली. पानासारखी."

निदान बरोबर होतं, उपचार चुकला. पान सरदलं की तू उन्हात टाकायचीस. दोन दिवस उघाड पडली, तेव्हा तू गिटार अंगणात गोणपाटावर पानांच्या शेजारी निजवलीस, पोट वर करून. गोंदियात ज्यांच्या घरी विड्या बांधतात त्यांच्याशिवाय कोणाला हे सुचेल असं मला वाटत नाही. मी कॉलेजातून आले तेव्हा ती दुपारभर भाजून निघाली होती. मानेच्या टोकाशी एक छोटी पांढरी पट्टी असते, तिच्यातल्या खाचांमधून तारा जातात. तिला नट म्हणतात हे नंतर कळलं. ती पट्टी गोंद सुटून निघाली आणि मधोमध चिरली. तारा मानेवर आडव्या पडल्या.

दादा दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी बोलला तोही माझ्याशी. "तिले सांग, माही सायकलबी वाळत घाल म्हना. सरदली असन."

तुझ्याकडे तुझ्या आईची शिंगाची फणी होती, माहेरून, सालेकशाहून आणलेली, निम्मे दात गेलेली. तिची पाठ तू करवतीच्या पात्याने कापलीस आणि पायरीच्या दगडावर घासत बसलीस. घासायचं, बसवून पाहायचं, पुन्हा घासायचं. खाचा किती रुंद करायच्या हा प्रश्न आला तेव्हा तू उतरवलेल्या तारा घेतल्यास आणि ज्या तारेची खाच तीच तार करवतीसारखी मागेपुढे ओढलीस. बारीक तारा गुळगुळीत, त्या कापत नव्हत्या. त्यांच्यासाठी ब्लेड. विड्यांचं काम संपवून उरलेल्या वेळात तीन दिवस लागले. गिटार वाजली, आणि पूर्वीपेक्षा बरी वाजली. दादा ऐकून म्हणाला, "हं."

आमच्या घरात 'हं' म्हणजे बरंच काही असतं. तुला ते तोवर कळलं होतं.

पण तारा उंचच होत्या. ग्रंथालयाच्या रद्दीत मला एक जुनं इंग्रजी मासिक सापडलं, त्यात गिटारच्या देखभालीवर चार पानं होती. एका रविवारी दुपारी मी ती तुला मराठीत वाचून दाखवली. वाचता वाचता भाषांतर, म्हणजे निम्मं माझ्या पदरचं. तू विड्या बांधत ऐकत होतीस.

"मानेच्या आतमंधी लोखंडाची सळी असते," मी म्हणाले.

"कोनी पाहिली?"

"लिहिलं हाय."

"मंग असन. कायले असते?"

"तारा मानेले पुढं ओढतात. सळी मांगं ओढते."

तुझे हात थांबले. "म्हंजे दोन बैल. एक जास्त ओढून राहिला त जू वाकडं होईन."

"असं लिहिलं नाही त्यानं."

"त्याच्या घरी बैल नसन."

मानेच्या टोकाची झाकणी तू उघडलीस. आत खरंच सळीचं तोंड होतं, सहा कोनांची किल्ली बसेल असं. किल्ली सायकलवाल्याकडून आणली. लेखात बजावलं होतं की एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नये, मग गिटारला एक दिवस द्यावा आणि पुन्हा पाहावं. चुकीच्या बाजूला जोर लावला तर सळी तुटते. हे तू इतकं मनावर घेतलंस की तेरा वर्षांत कधी पाव फेऱ्याच्या वर गेली नाहीस. माणसांच्या बाबतीतही तुझं हेच होतं. दादाला तू कधी एका दिवसात सरळ करायला गेली नाहीस.

मापं इंचाच्या हजाराव्या भागात दिली होती. ती मोजायची पाती फटफटीच्या मिस्त्रीकडे मिळाली असती. तू विचारलंही नाहीस. सुपातलं एक सुकं पान घेतलंस, शिरा टाळून त्याचा तुकडा कापलास आणि तेच माप ठरवलंस. मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्यांतल्या पहिल्या आणि शेवटच्या पट्टीवर तार दाबून धरायची. मधे, सातव्या पट्टीपाशी, तारेच्या फटीतून एक पान सरकलं पाहिजे, दुसरं अडकलं पाहिजे. तेवढा मानेचा बाक बरोबर. मग बाराव्या पट्टीवर बारीक तारेखाली आठ पानांची चळत, जाड तारेखाली दहा. जगात दुसऱ्या कुठल्या गिटारला ही मापं लावली गेली असतील असं वाटत नाही. मापाची पानं तू माझ्या शब्दकोशात दाबून ठेवली होतीस. मी कुरकुर केली तेव्हा म्हणालीस, "रोज कोन पाहते त्याच्यात?" शब्दकोश अजून त्याच जागी आपोआप उघडतो.

वर्षातून दोनदा तरी हे काम निघायचं. पावसाळ्यात तारा उठायच्या, उन्हाळ्यात बसायच्या. मे महिन्यात तू पानं तोडायला माहेरी जायचीस. इकडे मान सुकायची आणि पट्ट्यांची टोकं कडेने बाहेर यायची, दादाचा तळवा खरचटायचा. तू परत आलीस की बारीक कानस घेऊन एकेक टोक घासायचीस, डोळे मिटून, बोट फिरवून. सुरांची नावं तुला येत नव्हती. तरी उघडी तार आणि बाराव्या पट्टीवर दाबलेली तार यांच्यातला फरक तुला दादाच्या आधी कळायचा. "या मायलेकी हायेत," तू म्हणायचीस. "लेक जराशी चढून बोलून राहिली." मग मागच्या बाजूचा स्क्रू फिरवून लेकीला जागेवर आणायचीस.

आता ते, जे दादाला नको आहे.

एका शारदोत्सवात दुपारी कार्यक्रमाआधी माईक तपासणं चाललं होतं. तू चहाचा थर्मास घेऊन आली होतीस, मी पोह्यांचा डबा. रायपूरचा एक गिटारवाला पाहुणा म्हणून आला होता. त्याने दादाची गिटार सहज हातात घेतली, वर-खाली बोटं पळवली आणि थांबला.

"मक्खन है," तो म्हणाला. "सेटिंग किससे करवाते हो, भाईसाहब?"

दादाने ॲम्प्लिफायरकडे पाहिलं. तुझ्याकडे नाही. "नागपुर में एक बंदा है."

"पता दो यार."

"वो सबका नहीं करता."

तू कपात चहा ओतत होतीस. ओतत राहिलीस. रायपूरवाल्याला कप दिलास, त्याने मान न उचलता घेतला. मी तिथे होते, वहिनी, दोन हातांवर. डब्याचं झाकण उघडून मी पोहे वाढायला लागले. शोकसभेतल्या सात जणांना तरी माहीत नव्हतं.

घरी जाताना ऑटोत मी तुझ्यावर तुटून पडले. माणूस स्वतःवर चिडला की जवळच्यावर पडतो.

"तू काऊन गप्प राहिली?"

"मंग काय करू? माईक घेऊ?"

"सांगायचं होतं, मी करते म्हून."

"सांगतलं त काय होईन? सारे आपापली गिटार घेऊन दारात येतीन. विड्या कोन बांधन? तुमी?"

"नाव त होईन."

"नाव कायले पाहिजे, मंदाबाई? तुमी लायब्ररीत फाटली पुस्तकं शिवता. त्याच्यावर नाव टाकता का तुमी?"

"मले पगार भेटते त्याचा."

तू ऑटोच्या बाहेर पाहायला लागलीस. ऑटोवाला आरशातून म्हणाला, "भाभी बरोबर बोलून राहिली." त्याला कोणी विचारलं नव्हतं.

त्यानंतर हा वाद आपल्यात चार-पाचदा झाला आणि दरवेळी त्याच जागी अडला. माझं म्हणणं, तू दादाला भितेस. तुझं म्हणणं, मला रिकामा वेळ फार आहे. मी तुला 'तू' म्हणायचे आणि तू मला 'तुमी', कारण मी नणंद. वयाने तू एका वर्षाने मोठी. समतेवर बोलणाऱ्या माझ्यासारख्या बाईला हे तेरा वर्षांत एकदाही खटकलं नाही. आत्ता लिहिताना खटकलं. मी तुझी वकिली केली, पण अशिलाला काय हवं आहे ते कधी नीट विचारलं नाही. तू कदाचित खरंच नाव नको म्हणत असशील. कदाचित मी एकदा नीट विचारायची वाट पाहत असशील. आता दोन्ही सारखंच.

दरम्यान नागपूरवाला मोठा होत गेला. एकदा थाप मारली की तिला जेवू घालावं लागतं. लोक पत्ता विचारत, दादा काहीतरी सांगे. माणूस म्हातारा आहे. स्टेशनच्या मागे राहतो. तिरसट आहे, ओळखीशिवाय गिटारला हात लावत नाही. तुला याची फार मजा वाटायची. मला राग यायचा आणि तुला हसू. दादा घरात आला की तू विचारायचीस, "काय म्हनते तो नागपूरवाला? बरा हाय ना?" तू माहेरी गेलीस की नागपूरवाला गावी गेलेला असे. तुझी पाठ धरली त्या हिवाळ्यात नागपूरवाल्याचीही पाठ धरली. गुड्डूभाईंनी त्याच्यासाठी मालिशच्या तेलाची बाटली पाठवली. ती तुला लागली आणि गुणही आला. मी म्हणाले, निदान एवढं तरी नागपूरवाल्याने तुझ्यासाठी केलं.

दादाचा सत्कारही झाला. शाल, श्रीफळ, आणि एक स्मृतिचिन्ह, ज्यावर वीणा कोरलेली होती कारण दुकानात गिटार नव्हती. निवेदकाने त्याला पूर्व विदर्भाचा जादूगार म्हटलं. दादाने भाषणात आईवडिलांचे, गुड्डूभाईंचे आणि मायबाप रसिकांचे आभार मानले. तू तिसऱ्या रांगेत होतीस. मी तुझ्याकडे पाहिलं तेव्हा तू त्याच्या चेहऱ्याकडे पाहत नव्हतीस, गिटारकडे पाहत होतीस, आणि माझ्या कानाशी म्हणालीस, "चौथी तार उतरली." श्रीफळाची चटणी झाली. शाल तू गिटारला गुंडाळायला घेतलीस. सत्काराचा एवढा बरा उपयोग झालेला मी दुसरीकडे पाहिला नाही.

दादाबद्दल कडवट लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं. तो वाईट माणूस नाही. त्याने तुझ्यावर कधी आवाज चढवला नाही. गिरणीतून येताना तुझ्यासाठी करंजीचा पुडा आणायचा आणि बोलायचा नाही, नुसता सुपाशेजारी ठेवायचा. पण त्या एका वाक्यापासून तो मागे फिरू शकला नाही. ते वाक्य एकदा रायपूरवाल्यासमोर गेलं, मग गुड्डूभाईंसमोर, मग मंचावरून. दरवर्षी ते परत घेणं जास्त अवघड होत गेलं. मला वाटतं, त्याला लाज तुझी वाटत नव्हती, त्या वाक्याची वाटत होती. मला खात्री नाही. हेही मी त्याला विचारलेलं नाही.

तुझ्या आजाराचं नाव इथे लिहीत नाही. तुला ते उच्चारता येत नव्हतं आणि डॉक्टरांना ते सांगायची फार हौस होती. शेवटच्या पावसाळ्यात तू खाटेवर बसून काम केलंस. गिटार आडवी, उशी मानेखाली, पान फटीत. दादा शेजारी उभा राहून किल्ली हातात द्यायचा, आणि परत घ्यायचा. गुड्डूभाईंना त्याने सांगितलं होतं, नागपूरवाल्याची तब्येत बरी नाही. एका संध्याकाळी तो घरी येऊन म्हणाला, "गुड्डूभाईनं आराम कर म्हून सांगतलं."

"मले?"

"नागपूरवाल्याले."

तू इतकी हसलीस की खोकला थांबेना. पाणी दिलं, पाठ चोळली. खोकला थांबल्यावरही तुझे डोळे हसत होते. दादाही हसला. मी हसले नाही. आता वाटतं हसायला हवं होतं. पुढच्या तीन आठवड्यांत पुन्हा तशी वेळ आली नाही. शेवटच्या दिवशी मी तुझ्याजवळ बसले होते, काहीतरी महत्त्वाचं बोलायचं म्हणून. मी विचारलं, पाणी हवं का. तू म्हणालीस, नाही.

इथपर्यंतचं मी काल दुपारी लिहून पुरं केलं आणि दादाला दिलं. पुढचं आज लिहिते आहे.

तो चष्मा लावून दारातल्या खुर्चीवर वाचत बसला. तो हळू वाचतो, ओठ हलतात. मी आत भांडी लावत राहिले. बऱ्याच वेळाने त्याने हाक मारली.

"राजनांदगाव नाही," तो म्हणाला. "डोंगरगड. गिटार डोंगरगडची होती."

"बरं." मी ते वर तसंच ठेवलं आहे. त्याची दुरुस्ती इथे आली, तेवढी पुरे.

"छापू?" मी विचारलं.

त्याने कागदांची घडी केली, खिशात ठेवली आणि उठून आत गेला. तो बाहेर आला तेव्हा शालीत गुंडाळलेली गिटार त्याच्या हातात होती. बाजेवर बसून त्याने ती उघडली. पोटावर हाराच्या पाण्याचे डाग पडले होते. त्याने जाड तार तिसऱ्या पट्टीवर दाबून छेडली. आवाज आला आणि लगेच झणझणून मेला. पुन्हा छेडली. पुन्हा तेच.

"ऐकू येते?"

"हो."

"थंडी लागल्यापासून असंच हाय." त्याने कुर्त्याच्या खिशातून किल्ली काढली. मानेच्या टोकाची झाकणी उघडली. किल्ली आत बसवली. मग माझ्याकडे पाहिलं. "कोनीकडं फिरवायची?"

मी वाकून किल्लीकडे पाहिलं.

"तूच त वाचून दाखवलं होतं तिले."

"हो."

"मंग?"

मला आठवेना. ती चार पानं मीच आणली, मीच वाचली, शब्दाला शब्द शोधला. तू आणि दादा यांच्यात कोणाची चूक किती, यावर मी तेरा वर्षं मतं बनवली. तू किल्ली फिरवायचीस तेव्हा मी दर वेळी तिथेच, दोन हातांवर, पुस्तक वाचत बसलेली असायचे. डावीकडे की उजवीकडे, मला माहीत नाही. मानेकडून पाहून की पोटाकडून, तेही नाही. ते मासिक मी नंतर तुझ्या पेटीत, फडताळात, शब्दकोशात शोधलं. नाही.

"नेटवर भेटन," मी म्हणाले.

"नेटवाल्याची गिटार वेगळी." त्याने किल्ली तशीच धरून ठेवली. बोटांवर जोर आलेला दिसत होता, पण ती फिरत नव्हती. मग त्याने ती काढून घेतली आणि बाजेवर ठेवली. "तुटन," तो म्हणाला.

आम्ही दोघं गिटारकडे पाहत बसलो. माझं वय एकावन्न, त्याचं चोपन्न.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. गुड्डूभाई. ते फोनवर असे बोलतात की फोन नसला तरी चालेल. मला सगळं ऐकू येत होतं. रविवारी तिरोड्याला लग्न आहे, पार्टी मोठी आहे, दुःख आहे हे मान्य, पण बाहेर पडलात तर मन रमेल. आणि गिटार रेडी आहे ना.

"नहीं," दादा म्हणाला. "आवाज मर रहा है. सेटिंग बिगड़ गई."

"तो नागपुर भेज दो ना. अभी चार दिन हैं."

दादाने माझ्याकडे पाहिलं नाही. गिटारकडेही नाही. समोरच्या भिंतीकडे पाहत होता.

"नागपुरवाला नहीं रहा."

"अरे," गुड्डूभाई म्हणाले. "अरे रे. कब?"

"अठारह दिन हुए."

"बीमार तो थे ही बेचारे. तुमने बताया नहीं. अठारह दिन..." आणि ते थांबले. गुड्डूभाई तारखांचे पक्के आहेत, पंधरा वर्षं त्यांनी लग्नाच्या तिथी पाठ ठेवल्या आहेत. "अठारह दिन तो," ते हळू म्हणाले, आणि त्यांचा इतका हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला, "अठारह दिन तो भाभीजी को हुए."

"हाँ," दादा म्हणाला. "वही."

दादाने फोन कानापासून काढला नाही.